अवदसा कोणाचे नाव?

शास्त्रपाठ : रूथ १:१९–२१, लूक १३:१–५



'अवदसा' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी आहे. मूळ शब्द 'अवदशा'. दशा म्हणजे स्थिती. अवदशा म्हणजे वाईट स्थिती. पीक बुडाले, दुखणे आले, कर्ज डोईवर झाले, तर ती अवदशा होय. येथवर शब्दात दोष नाही. परंतु लोकांनी ह्या स्थितीस बाईचे रूप दिले, आणि पुढे ते रूप जिवंत बाईवर लादले. सून घरी आली व सासरा वारला, तर "अवदसा घरात शिरली". नवरा मेला, तर "पांढऱ्या पायाची". स्थिती पालटते, पण पडलेले नाव त्या बिचारीस जन्मभर चिकटते.

शिरोली एमआयडीसीत लोखंड वितळवून साच्यांत ओतण्याचे कारखाने आहेत. साच्याच्या वाळूत ओल अधिक राहिली, तर वाफ कोंडून ओतीव मालात पोकळ्या पडतात आणि माल बाद होतो. जाणता कारागीर वाळू तपासतो. पाळीवर नवा आलेल्या मनुष्याचा पायगुण वाईट, असे म्हटल्याने एकही पोकळी भरत नाही. सन २०१९ च्या ऑगस्टात व २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. ते पाणी पावसाने चढले. कोणा विधवेच्या पावलाने नव्हे.

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे प्रभूने विचारले, आणि नाही, असे स्वतःच उत्तर दिले. मग त्याने ऐकणारांसच पश्चात्ताप करावयास सांगितले. दुसऱ्याच्या संकटात त्याचा हिशेब मांडू नये, आपला मांडावा.

आता नामीकडे पाहा. नवरा व दोन्ही पुत्र गमावून ती मवाबातून बेथलेहेमास परतली, आणि मला नामी न म्हणता मारा म्हणा, असे बोलली. मारा म्हणजे कडू. तिने आपल्या दशेलाच आपले नाव केले. तथापि शास्त्रलेखक तिला एकदाही त्या नावाने ओळखत नाही. अखेरपर्यंत ती नामीच आहे. तिच्यासोबतची रूथही विधवा, शिवाय परदेशी. आपल्या वेशीत ती आली असती, तर आपण तिला काय म्हटले असते? तिच्याच वंशात दावीद राजा झाला, आणि त्याच वंशात आपला तारणारा जन्मला.

ह्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की पती वारल्यावर स्त्रीच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र काढू नये. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांसही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. गावाने जे केले त्यात ख्रिस्ताच्या मंडळीने मागे राहावे काय?

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळीतील लग्नात विधवा भगिनी मागे उभी राहिली, तर तिला पुढे बोलवा व वधूवरांस आशीर्वाद देण्यास सांगा. घरात रागाच्या भरात हा शब्द कोणा माणसासाठी तोंडी आला, तर तेथेच गिळावा. आणि भगिनी, तुला कोणी हे नाव दिले असेल, किंवा तूच ते घेतले असशील, तर ते टाकून दे. ती तुझी दशा होती. तुझे नाव प्रभूस ठाऊक आहे, आणि तो तुला त्याच नावाने हाक मारतो.