धबधबा पाहणाऱ्याचं देणं



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकावर. देवांनी दिलेलं घ्यायचं, भोगायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, अशा माणसाला भगवंत सरळ चोर म्हणतात. दोनच श्लोक पुढे पाऊस येतो. अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून. म्हणजे हा हिशेब पाण्यापर्यंत जातो.

मी कड्याचा. गावाचं नाव कडा असलं, तरी पाणी कोसळतं तो कडा आष्टी-जामखेडच्या पुढे, सौताड्याला. तिथं विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात ही गर्दी! आता प्रश्न असा, की नुसतं बघून मी काय चोरलं? पाणी तर थेंबभरही कमी झालं नाही.

उत्तर खडकात आहे. आपला हा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या पोटात पाणी फारसं मावत नाही. वरच्या मुरमात आणि भेगांत जिरेल तेवढंच विहिरीला. बाकीचं वाहून जातं. खालच्या गावांना ते मिळतं, चांगलंच आहे. पण वरचं रान कोरडं राहतं आणि उन्हाळ्यात याच बीड जिल्ह्यात टँकरची वाट बघावी लागते. आपण जे डोळे भरून बघतो, ते डोंगरावर न थांबलेलं पाणी असतं.

बघण्यात पाप नाही. आनंद हाही प्रसादच. पण देवळात रिकाम्या हाताने जायला आपण लाजतो, निदान एक फूल तरी नेतो. धबधब्यासमोर मात्र फक्त मोबाईल बाहेर निघतो. श्लोकातली चोरी मला इथं दिसते. पाणी उचलण्यात ती नाही. घेतलं आणि देणं लागतो हे विसरलो, यात ती आहे.

मग द्यायचं काय? माझ्या समजुतीप्रमाणे यज्ञ म्हणजे फक्त होमकुंड नव्हे. गावी गेलात तर समतल चर खणायला, बांध दुरुस्त करायला एक दिवस द्या. पुण्या-मुंबईत असाल तर सोसायटीच्या गच्चीवरचं पाणी जिरवायला शोषखड्डा करून घ्या. त्याचा फोटो काही खास येणार नाही. पण चैत्रात कुणाच्या तरी विहिरीत पोहरा बुडेल, तेव्हा समजा, नैवेद्य पोहोचला.

राम कृष्ण हरी.