पेटीवरचं गाव

एप्रिलमध्ये आमच्या कोपऱ्यावर आंब्याची हातगाडी लागते. खोक्यावर ठळक अक्षरांत 'देवगड हापूस'. पेंढा बाजूला सारला तर खाली अंथरलेला कागद कन्नड वर्तमानपत्राचा! मी विक्रेत्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. "साहेब, चवीला एक नंबर." डझनामागे दोनशे रुपये कमी होते. घेतले.

घरी कापले तर फोडी फिकट पिवळ्या. तो केशरी रंग नव्हताच. आंबा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. कर्नाटकातल्या बागायतदारानेही घाम गाळूनच तो वाढवला असणार. खोटा होता तो खोका.

हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या आंब्यासाठी. (गंमत म्हणजे 'हापूस' हे नावच मुळात पोर्तुगीज 'आफोन्सो'वरून आलेलं. पण त्या नावाला भाव आणला तो जांभ्या दगडात सुरुंग लावून खड्डे करणाऱ्यांनी.) ट्रेडमार्क विकता येतो, दुसऱ्याला वापरायला देता येतो. मानांकनाचं तसं नाही. बागायतदार जमीन बँकेकडे तारण ठेवू शकतो. हे नाव त्याला विकताही येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. नोंदणीकृत वापरकर्ता गेला तर त्याचा हक्क वारसांकडे जातो, इतकंच. नाव एकट्याचं नसतंच, ते गावाचं असतं, हे कायद्याला आपल्यापेक्षा नीट कळलेलं दिसतं.

खोटं मानांकन लावून माल विकला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद 1999 च्या कायद्यात आहे. विक्रेत्याला सुटकेची वाटही ठेवलीय. आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, संशय यावा असं काही नव्हतं, एवढं त्याने सिद्ध करायचं. म्हणजे प्रामाणिक अज्ञानाला कायदा माफ करतो.

माझं अज्ञान त्यात बसत नाही. कन्नड कागद मी पाहिला होता. गिऱ्हाइकाला कुणी पकडत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. शिवाय पाहुण्यांपुढे फोडी ठेवताना "देवगडचा आहे हं" असं मीच म्हणालो. त्या घडीला मी कुठला ग्राहक? फुकटचा जाहिरातदार!

आठवड्याने पुन्हा त्या गाडीपाशी थांबलो. म्हटलं, "कर्नाटकचा आहे तर तसं लिही ना. आंबा चांगला आहे तुझा."

"लिहितो की," पेंढा नीट करत तो म्हणाला. "मग हाच भाव द्याल का, साहेब?"

माझा हात अजून खिशातच होता.