वर्तमानाची दखल

गतकाल विसरावा, भविष्याची चिंता सोडावी आणि केवळ हाती असलेल्या क्षणात जगावे, हा उपदेश अलीकडे व्याख्यानमालांतून आणि दिवाळी अंकांतून इतक्या मुबलकपणे वाटला जात आहे की, त्याची छाननी करू पाहणारा अरसिक ठरावा. त्याच्या पुष्ट्यर्थ हटकून दाखला दिला जातो तो ऋतूंचा: शिशिरातले झाड पाहा, जुने पान ते किती अनासक्तीने टाकून देते!

झाडावर लादलेले हे वैराग्य सर्वस्वी निराधार आहे. पान गळण्यापूर्वी त्यातील नत्रादी पोषक द्रव्यांचा बराच अंश झाड माघारी ओढून घेते, मग देठाच्या बुडाशी पेशींचा थर धरून पान विलग करते. आणि ज्या निष्पर्ण फांदीकडे पाहून वक्त्यास विरक्ती सुचते, तिच्यावर पुढील पालवीचा डोळा मिटून बसलेलाच असतो. हा त्याग नव्हे, काटेकोर कारकुनाने सालअखेरीस केलेला जमाखर्च आहे.

दृष्टांत चुकला म्हणून सिद्धांत चुकत नाही, असे कोणी म्हणेल. पश्चात्तापाने पोखरलेल्या माणसास हा उपदेश औषधासारखा लागू पडतही असेल. परंतु औषधाला अन्न म्हणून वाढू नये. मृगाची पहिली सर अंगावर घेताना जो आनंद होतो, त्यात वैशाखाची होरपळ आणि पेरणीची आशा ही दोन्ही मिसळलेली असतात. ती वगळली तर वरून पडणारे पाणी तेवढे उरते. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त वर्षेपूर्वी ग्रीष्म येतो, आणि वाचकापर्यंत पाऊस पोहोचतो तो त्या तापातून. मराठेशाहीच्या दफ्तरांतील शुहूर सन तर सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करी तेव्हाच पालटत असे. साऱ्याचे आणि लावणीचे हिशेब ज्या सुमारास नव्याने उभे राहत, त्याच सुमारास रयतेचे डोळे आभाळाकडे लागलेले असत, आणि हिशेबामुळे ती नजर मंदावली असेल असे मला तरी वाटत नाही.

सर्व ऋतू मायारूप मानणाऱ्या वेदान्त्यांशी येथे वाद नाही, कारण ते खिडकीबाहेर पाहतच नाहीत; नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस वर्तविणाऱ्यांचा निकाल आभाळच लावते.

माझा आग्रह एवढाच की, क्षणात रमणे निराळे आणि क्षणाची दखल घेणे निराळे. पाऊस उघडल्यानंतर काळ्या रानात वाफसा येतो तो थोडाच काळ टिकतो. त्याआधी तिफण धरली तर चिखलाने ती तुंबते, आणि विलंब केला तर ओल उडून बी वाया जाते. शेतकरी मूठभर माती दाबून पाहतो, बोट लावताच ढेकूळ सहज फुटले की पेरतो. गेल्या सालच्या दुबार पेरणीची आठवण आणि येणाऱ्या सुगीचा अदमास यांवाचून ती माती त्याला काहीच सांगणार नाही. रमणाऱ्याला तर ही घडी दिसणारही नाही, कारण तीत रमण्याजोगे काही नसते.

ज्यांना शेत नाही त्यांनी काय करावे, असा आक्षेप येईल. गच्चीवर वाळवणे घालणारी गृहिणी पावसाळ्याच्या बेगमीसाठीच ऊन पाहते, आणि म्हणूनच आभाळ किंचित मळलेला दिवस तिला सर्वांआधी कळतो. तिला वर्तमानात जगावयास शिकविण्यापूर्वी, आज कुरडया घालाव्यात की नाही, एवढे तरी व्याख्यात्याने स्वतः सांगून दाखवावे.