कर्णा आंतून स्वच्छ असावा

गणना पुस्तकाच्या 10 व्या अध्यायांत रुप्याचे दोन घडीव कर्णे करण्याची आज्ञा आहे. मंडळीस जमविणें व तळ हालविणें हें त्यांचें काम. आजचा ट्रंपेट बहुधा पितळेचा, म्हणजे तांबें व जस्त यांच्या मिश्रणाचा असतो. वादकाच्या फुंकरीबरोबर ओलावा व अन्नाचे कण नळींत जातात. ते तेथेंच राहिले तर पितळेंतील जस्त आंतून झिजतें, आणि कालांतरानें बाहेर तांबूस डाग दिसतात. मग वरून कितीहि घासलें तरी व्यर्थ. म्हणून जाणता वादक आधीं चूळ भरतो, वाजविल्यावर नळींतील पाणी काढतो, तिन्ही पिस्टनांस हलकें तेल देतो, आणि वेळोवेळीं कोमट साबणाच्या पाण्यानें नळ्या धुतो. वाद्य विकत घेतांनाहि तो चकाकी पाहत नाहीं. पिस्टन दाबले असतां झटकन वर येतात कीं नाहीं हें पाहतो.

आपलें अंतःकरणहि असेंच आहे. शेजाऱ्याविषयींचें वैर आंत सांचूं दिलें तर रविवारचीं शुभ्र वस्त्रें तें झांकणार नाहींत. तें त्याच दिवशीं काढून टाकावें. कुजलेली नळी कारागीर बदलतो. अंतःकरण नवें करणारा मात्र एकच आहे. त्याजकडे आजच जावें.