अंगठाबहाद्दर

आमच्या घरी एक कप आहे. त्यातून चहा प्यायची कुणालाही परवानगी नाही. आमच्या सौ.नी तो पुण्याच्या एका प्रदर्शनातून बाराशे रुपयांना आणला. तो जरासा कलता आहे. मी तसं म्हणालो, तेव्हा ‘तीच तर त्यातली कल्पना आहे’ असं उत्तर मिळालं. बारामतीच्या बाजारात माठ कलता निघाला, तर त्यातली कल्पना आपल्याला दिसत नाही. आपण वीस रुपये कमी करायला लावतो.

कपाच्या बुडाशी कलावंताची सही आहे. माठाच्या बुडाशी सही नसते. बँकेतल्या माणसाला ही गोष्ट खटकतेच. सहीशिवाय आम्ही पन्नास रुपयेसुद्धा देत नाही, आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या बिनसहीच्या माठांतलं पाणी पीत आलो!

परंपराही जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची लाल भांडी निघाली, काळ्या रंगाची नक्षी काढलेली. भांडी भाजायची भट्टीही सापडली. कुंभाराचं नाव तेवढं सापडलं नाही.

जपानात यानागी सोएत्सु नावाचे एक विचारवंत होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की, अनाम कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या भांड्यातच खरं सौंदर्य असतं. अशा वस्तूंसाठी त्यांनी १९३६ साली टोकियोत संग्रहालय उघडलं. त्यांचे मित्र हामादा शोजी हे जगप्रसिद्ध कुंभार. त्यांनी तर पुढे भांड्यांवर सही करणंच सोडून दिलं.

हे वाचून मी भारावलो. ‘नाव नको, काम हवं!’ हे तत्त्वज्ञान मी दोन दिवस बारामती-इंदापूर एस.टी.त शेजारच्यांना ऐकवलं. एक जण निमगाव केतकीलाच उतरला. त्याचं गाव ते नसावं.

तिसऱ्या दिवशी इंदापूरच्या आमच्या शाखेत एक म्हातारे कुंभार आले. पेन्शनचे पैसे काढायचे होते. त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी अंगठा धोतराला पुसला. पुन्हा प्रयत्न करा. रांगेतून कुणीतरी म्हणालं, “अंगठाबहाद्दर दिसतंय!” रांग हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

“बाबा, तुमच्या अंगठ्याला रेघाच नाहीत,” मी म्हणालो.

“हुत्या की, सायेब. मडक्यात गेल्या.”

म्हातारा तक्रार करत नव्हता. हिशेब देत होता.

मी मान खाली घातली. कारण याआधी दोनदा मी त्यांना ‘आधार केंद्रात जाऊन या’ म्हणून परत पाठवलं होतं. कागदावर शाईचा अंगठा आणि साक्षीदाराची सही घेऊन पैसे देता येतात, हे मला ठाऊक होतं. पण त्याला रजिस्टर काढावं लागतं, साहेबांकडे जावं लागतं. म्हाताऱ्याने हेलपाटा घालणं त्यापेक्षा सोपं. मला सोपं.

त्या दिवशी रजिस्टर काढलं. शाईचा ठसा सपाट उमटला, तव्यासारखा. शेजारी माझी साक्षीदाराची सही, वळणदार. साठ वर्षं माती घडवलेल्या अंगठ्याची खात्री, जन्मात पणतीही न केलेल्या माणसाने दिली.

एस.टी.तलं माझं तत्त्वज्ञान तिथेच फुटलं. हामादांनी सही सोडली, कारण ती त्यांच्याजवळ होती. असलेलं नाव सोडणं हे वैराग्य. पण ज्याला आपण कधी नाव विचारलंच नाही, त्याच्या अनामपणाचं कौतुक करणं म्हणजे स्वतःच्या आळसाला शाल-श्रीफळ देणं.

तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटी मारून कोण कच्चं, कोण पक्कं ते पाहिलं, अशी कथा आहे. तिथे कच्चे ठरले ते नामदेव. निदान सोबत तरी चांगली आहे.

संध्याकाळी घरी येऊन मी रिकाम्या माठात हात घातला. गळ्याच्या आतल्या बाजूला बोटांनी ओढलेल्या गोल गोल रेघा हाताला लागल्या.

“माठात काय शोधताय?” आतून प्रश्न आला.

“सही,” मी म्हणालो. “सापडली.”