विकत घेतलेली साक्ष

समाजमाध्यमांवर नावापुढे दिसणारी निळी खूण ही मुळात साक्ष होय : 'हा मनुष्य तोच आहे.' इन्स्टाग्रामवर ही साक्ष विकणारे दलाल निघाले. पैसे घेऊन ते कोणासही गायक ठरवीत, त्याच्या कीर्तीचे लेख छापवून आणीत व खूण मिळवून देत. २०२२ साली हे उघडकीस आल्यावर ३०० हून अधिक खात्यांची खूण काढून घेण्यात आली. २०२३ पासून 'मेटा' कंपनी स्वतःच ओळखपत्र पडताळून, शुल्क घेऊन खूण देते. मग दलालानेच काय पाप केले, असे कोणी विचारील. न्यायालयाचे शुल्क भरणे निराळे, खोटा साक्षीदार उभा करणे निराळे. आणि त्या खोट्या साक्षीचा दंड भरतो कोण? खूण घेणारा नव्हे. तिच्यावर विश्वासून व्यवहार करणारा परका, निरपराध मनुष्य.