न बोलावता आलेला

महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते. त्या वेळी खानदेशातून, विदर्भातून, बऱ्हाणपूरकडून दिंड्या निघतात आणि आमचीही नशिराबादहून निघते. बहुतेक मंडळी शाळेपासूनचे सोबती आहेत. मागे ट्रॅक्टरची ट्रॉली असते. तिच्यावर बांबूच्या कमानी करून ताडपत्री ताणलेली, आत शिधा, पातेली, गोधड्या, पखवाज, पाण्याची टाकी. ज्याचे पाय सुजले, तो तिच्यात बसतो. साकेगावला वाघूर ओलांडायची, भुसावळ मागे टाकायचं आणि वरणगाववरून मुक्ताईनगर गाठायचं. रस्ता चौपदरी झाल्यापासून ट्रकचा वारा अंगावर आदळतो, म्हणून कडेकडेने एका रांगेत चालावं लागतं.

निघताना गावातली कुत्रीही मागे लागतात. काही वेशीवरून फिरतात, काही वाघूरच्या पुलावर थबकतात. एखादं मात्र येतच राहतं. मुक्कामाला ट्रॉलीखाली दोन चाकांच्या मध्ये झोपतं. पहाटे टाळ वाजले की उठून अंग झाडतं आणि चालायला लागतं.

प्रश्न उभा राहतो तो परतताना. जाताना आपण पायी जातो, येताना मात्र सगळे ट्रॉलीत बसून येतो. मग त्या कुत्र्याचं काय करायचं? अनोळखी गाव, तिथली कुत्री त्याला फाडायला टपलेली, मध्ये भुसावळची गर्दी आणि महामार्ग. आमच्यातला एक जण दर वेळी म्हणतो, ‘‘त्याले कोनी बोलावलं व्हतं?’’ विणेकरी आप्पांची हरकत वेगळी असते. ट्रॉलीत शिधा असतो, नैवेद्याची भांडी असतात, मुक्ताईचा प्रसाद असतो. तिथे कुत्रं चढवायचं नाही. आप्पांचं सोवळं खोटं नाही. ते स्वतः उपाशी राहतील, पण नैवेद्य उष्टा होऊ देणार नाहीत. म्हणून त्यांना उत्तर द्यायचं, तर ते धर्माच्या आतूनच द्यायला हवं.

महाभारतातलं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक, तीनच अध्यायांचं आहे. पाच भाऊ आणि द्रौपदी वल्कलं नेसून निघतात. नगरातले लोक पोचवायला येतात आणि मागे फिरतात. एक कुत्रा तेवढा मागे चालत राहतो. त्याला कोणीही बोलावलेलं नसतं. व्यासांनी त्याचं मागे येणं सांगितलं, त्यापलीकडे काही सांगितलं नाही. त्याला नाव नाही, त्याने कुणाला वाचवलं असंही नाही. वाटेत आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो आणि युधिष्ठिर दोष सांगतो. द्रौपदीचा अर्जुनाकडे ओढा होता, सहदेवाला शहाणपणाचा गर्व होता, नकुलाला रूपाचा. स्वतः भीम पडतो, तेव्हा त्यालाही त्याचा खादाडपणा आणि बळाची बढाई ऐकवली जाते. जन्माच्या सोबत्यांचे हिशोब असे चालता चालता मांडले जातात. हा भाग मला आजही सोसत नाही.

आणि हाच माणूस इंद्राच्या रथापुढे अडून उभा राहतो. इंद्र सांगतो की कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, त्याचं पुण्य क्रोधवश राक्षस हिरावून नेतात. भावांना आणि बायकोला सोडून आलास, मग कुत्र्यालाच का सोडत नाहीस? युधिष्ठिर म्हणतो, ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. मेलेल्यांशी ना सख्य करता येतं, ना वैर. पण हा जिवंत आहे, माझ्या भरवशावर आलेला आहे. त्याला टाकणं हे शरण आलेल्याला शत्रूच्या हाती देण्याइतकं पाप आहे. भावांचे दोष मोजणारा युधिष्ठिर इथे कुत्र्याचा दोष पाहत नाही आणि गुणही पाहत नाही. तो सोबत आला, एवढं त्याला पुरतं.

पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. कीर्तनात हा भाग आला की बुवा हात उंचावून सांगतात, ‘‘कुत्रा नव्हताच तो!’’ मला तिथे उठून बोलावंसं वाटतं. युधिष्ठिराला हे ठाऊक नव्हतं. त्याने स्वर्ग नाकारला तो कुत्र्यासाठी, देवासाठी नाही. धर्म प्रकट झाला नसता, तरी त्याचं उत्तर तितकंच खरं राहिलं असतं. आपल्याला मात्र जनावर जनावर म्हणून पुरत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात, त्यांना आपण चार वेद म्हणतो. पैठणच्या रेड्याची थोरवीही त्याने वेद म्हटले म्हणून. पण त्याच कथेत रेड्यावर आसूड पडतो आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटतात. मला ते वळ वेदांपेक्षा मोठे वाटतात. मुक्ताई त्याच घरातली धाकटी. तिच्या दाराशी आलेल्या कुत्र्याकडे आधी वेदाचा दाखला मागायचा का?

महाभारताच्या सुरुवातीलाही कुत्राच आहे. राजा जनमेजयाच्या यज्ञसत्रात सरमा नावाच्या कुत्रीच्या पोराला राजाचे भाऊ मारहाण करतात. त्याने हविर्द्रव्य चाटलेलं नसतं, त्याकडे पाहिलेलंही नसतं. सरमा येऊन जाब विचारते आणि कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती राजाला शाप देते. यज्ञाचं पावित्र्य राखायला निरपराध पोराला मारहाण केली, हा व्यासांनी दोष मानला. आप्पांना मी हेच सांगितलं. शिधा पुढच्या पेटीत झाकून ठेवा, भांडी वर बांधा, पण मागच्या फाळक्यापाशी त्याला हातभर जागा द्या. पाय सुजलेल्याला ट्रॉलीत घेताना, तो अभंग सुरात म्हणाला का, असं आपण विचारतो का?

आप्पांनी कुत्र्याला हात लावला नाही, पण पेटी स्वतः पुढे सरकवली. त्यानंतर फाळक्याजवळची ती जागा राहिली.

गेल्या यात्रेत निराळंच झालं. सोबत आलेली तांबडी कुत्री चढवल्याबरोबर उडी मारून उतरली आणि जेवणावळीच्या मांडवाकडे पळाली. पोरं दोर घेऊन धावली. मी त्यांना थांबवलं. आपल्या पायांनी आलेलीला तिथे राहायचं असेल, तर बांधून नेण्याचा हक्क आपल्याला सोबतीने मिळत नाही. ट्रॉली सुटल्यावर आप्पा म्हणाले, ‘‘मंग धर्मराजानं तरी त्या कुत्र्याले ईचारलं व्हतं का, सर्गात येतो का म्हनून?’’ प्रश्न खरा होता. आम्ही वरणगावपर्यंत त्यावर भांडत आलो.